दंडाची मात्रा आणि सिमेंटचे पोते

वाचकहो, हे सदर आरोग्याचे. त्यात सिमेंट कंपन्यांच्या कोर्टकज्ज्यांचे काय काम, असे तुम्ही विचाराल. पण गेल्या पावसाळ्यात सूरजागड परिसरातील एका गावी रुग्ण पाहायला गेलो असताना जे दिसले, त्यामुळे हा विषय घेणे मला भाग पडले.

एकाच घरातील तीन मुलांना हगवण लागली होती. धाकट्याचे डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. जलसंजीवनी कशी पाजायची ते आईला दाखवले आणि परसात हात धुवायला गेलो. तेथे संडासाचे अर्धवट बांधकाम होते. भिंती कमरेएवढ्या, छप्पर नाही आणि आत सरपण रचलेले. मी विचारले तेव्हा घरधनी ओशाळून म्हणाला, "सिमीट सरला जी डॉक्टरसाहेब, पैसेही सरले. मंग राहूनच गेला."

स्वच्छ भारत अभियानात अशा संडासाला १२,००० रुपये अनुदान ठरलेले आहे. अनुदान ठरलेले, पण पोत्याचा भाव ठरलेला नाही. भाव चढला की अनुदान वाढत नाही, भिंतच तेवढी खुजी राहते. त्या अर्धवट संडासाचा सगळा दोष सिमेंटच्या भावाला देणे न्यायाचे होणार नाही. जंगलातील वाटेचे गाडीभाडे आहे, गवंड्याची मजुरी आहे. परंतु भाव जर बाजाराने न ठरता विकणाऱ्यांच्या संगनमताने ठरत असेल, तर त्याची झळ अशा घरांना आधी लागते, हे मात्र खरे.

असे संगनमत झाल्याचा ठपका आपल्या देशात आला आहे, आणि त्याचा संबंध आपल्याच जुन्या चांदा जिल्ह्याशी पोचतो. घुग्गुसला एसीसी, उपरवाहीला अंबुजा, आवारपूरला अल्ट्राटेक आणि गडचांदूरला सेंच्युरीचे माणिकगड असे सिमेंटचे चार मोठे कारखाने तेव्हा येथे चालत होते. चुनखडी आपल्या जमिनीतली, धूळही आपल्याच छातीत. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने २०१० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २० जून २०१२ रोजी आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपये दंड ठोठावला. वरील चारही कंपन्या त्यांत होत्या. उत्पादकांच्या संघटनेमार्फत भाव व उत्पादनाची माहिती एकमेकांना कळवली जाते, क्षमता असूनही माल कमी काढला जातो आणि भाव एकदम चढतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांचे म्हणणे असे की, विकणारे मोजकेच असले म्हणजे एकाचा भाव पाहून दुसरा आपला भाव ठरवतोच. त्याला कट म्हणता येत नाही.

पुढे काय झाले ते पाहा. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने आयोगाचा निकाल रद्द केला. कारण असे की, अखेरच्या युक्तिवादाच्या वेळी आयोगाचे अध्यक्ष हजर नव्हते, तरीही निकालावर त्यांची सही होती. ज्याने ऐकले त्यानेच निकाल द्यावा, हा न्यायाचा साधा नियम आहे. रुग्णाला न तपासता चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला आपण माफ करू काय? तेव्हा कंपन्यांचे हे आव्हान योग्यच होते, असे माझे मत आहे. आयोगाने फेरसुनावणी घेतली आणि ३१ ऑगस्ट २०१६ रोजी पुन्हा सुमारे ६,७०० कोटींचा दंड केला. कंपन्या पुन्हा अपिलात गेल्या. २५ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने ती अपिले फेटाळली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये दंडाच्या १० टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर वसुलीला स्थगिती मिळाली. त्यानंतर कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ही रक्कम वर्षानुवर्षे 'संभाव्य देणे' म्हणून छापून येत राहिली.

दंड हे औषध आहे. बाटलीवर नाव कितीही मोठे असो, पोटात गेल्याशिवाय गुण येत नाही.

औषधाची मात्राही तितकीच महत्त्वाची असते. धान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. या गोळ्यांच्या विषबाधेवर हमखास उतारा नाही, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. भारतीय अन्न महामंडळाच्या २००९ च्या निविदेत अनेक उत्पादकांनी किलोला नेमका ३८८ रुपये हाच भाव भरला. आयोगाने २०१२ मध्ये तीन कंपन्यांना दंड केला. त्यांपैकी युनायटेड फॉस्फरसचा दंड २५२ कोटींवर होता. दंड कंपनीच्या सगळ्या उलाढालीवर न धरता फक्त गोळ्यांच्या उलाढालीवर धरावा, असे अपिलात ठरले आणि तो सुमारे ७ कोटींवर आला. ८ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संगनमत झाल्याचे मान्य केले आणि हा कमी केलेला दंडही कायम ठेवला. अपराधापेक्षा शिक्षा मोठी नसावी, हे तत्त्व मला पटते. परंतु मात्रा इतकी कमीही नसावी की दुखणे जागचे हलू नये. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंड पुन्हा कंपनीच्या एकूण उलाढालीशी जोडला गेला. शिवाय न्यायाधिकरणाकडे अपील करण्यापूर्वी दंडाच्या २५ टक्के रक्कम भरण्याची अटही आली. या दुरुस्तीचे मी स्वागत करतो.

पण एवढ्याने भागणार नाही. वसूल झालेला दंड भारताच्या संचित निधीत जातो. सूरजागडच्या त्या घरधन्याच्या हाती त्यातला एक पैसाही येत नाही. ज्यांचे नुकसान झाले त्यांनी भरपाई मागावी, अशी सोय कायद्यात आहे. मात्र मूळ प्रकरणच अपिलांत लोंबकळत असेल, तर भरपाई मागणार कशाच्या बळावर? आणि चार-पाच पोत्यांच्या हिशेबासाठी एटापल्लीचा माणूस दिल्लीची वाट धरील, हे तर संभवतच नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. अपिलाचा हक्क कंपन्यांनाही असलाच पाहिजे. २०१५ च्या निकालाने त्याची गरज दाखवून दिली आहे. परंतु अशा अपिलांना मुदत हवी. स्थगिती मिळाली तर दंडाची मोठी रक्कम व्याजासह अडकून राहील, अशी अट हवी. आणि वसूल झालेल्या दंडाचा काही भाग ज्या गावांनी तो चढा भाव सोसला, तेथील संडास, विहिरी आणि आरोग्य उपकेंद्रांवर खर्च व्हावा. नाहीतर तारखा पडत राहतील आणि भाव मात्र गिऱ्हाईक रोखीने मोजत राहील.

ती तीन मुले बरी झाली. आईने सांगितल्याप्रमाणे घोट घोट पाणी पाजले, हे तिचे श्रेय. पण मी निघालो तेव्हा परसातले सरपण तसेच होते, आणि सांजवेळी ती मुले पुन्हा नाल्याकडेच जाणार होती. पुढच्या पावसाळ्यात मला त्या घरी पुन्हा जावे लागेल, असे वाटते. माझा हा अंदाज खोटा ठरो.