बिल्ला खिशात ठेवा, पण मीटिंगला जा

मागच्या जिल्हा बैठकीला आमच्या तालुक्यातले एक जुने कार्यकर्ते आले नाहीत. रस्ता रोकोत पहिल्या रांगेत बसणारा, दोनदा तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस. चौकशी केली तर कळले की दारूने घरी पडून आहेत. दिवाळीनंतर आम्हीच त्यांना जिल्ह्याच्या गावी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला नेले होते. ते एकदाच गेले. पुन्हा का गेला नाहीत, असे विचारले तेव्हा म्हणाले, "तिथं सगळे पगारदार. एक तारखेला पगार कसा उडवला ते सांगत होते. आपला पैसा पट्टी आल्यावर. आपलं त्यांना काय कळणार?"

त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चूक आहे. एका अडत्याने काटा मारला म्हणून आपण माल विकायचे थांबवत नाही, दुसरी पेठ बघतो. मीटिंगचेही तसेच आहे. एक जुळली नाही तर दुसरी बघावी. निदान पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी बसल्याशिवाय निकाल देऊ नये.

एएची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन या गावी झाली. सुरुवात करणारे दोघे. एक शेअर बाजारातला माणूस, दुसरा सर्जन. दोघेही पिणारे. पिणाऱ्याचे दुखणे पिणाराच ओळखतो, एवढ्यावर हे काम उभे राहिले. आत जायला अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, नाव-गाव सांगण्याची सक्ती नाही. परमेश्वराचा उल्लेख येतो, पण ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा असतो. नास्तिकाने तेवढ्यासाठी उठून येऊ नये.

जाण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. मीटिंग खुली की बंद? खुल्या मीटिंगला घरचे माणूस बरोबर नेता येते. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. भाषा कोणती? मोठ्या शहरात काही मीटिंगा हिंदी-इंग्रजीत चालतात. आपल्या माणसाला मराठी हवी. वार कोणता? बाजाराच्या दिवशी असेल तर येणे-जाणे होते. शेवटची एसटी चुकत असेल तर ती मीटिंग कितीही चांगली असो, टिकणार नाही. ओळखीच्यांची लाज वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यात जावे. आता मोबाइलवरही मीटिंगा होतात. पावसाळ्यात रस्ता तुटला तरी त्या चुकत नाहीत. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, ते १९५१ साली निघाले. नवरा येवो न येवो, बाईने तिथे जावे. बाई स्वतः पीत असेल तर तिलाही एएचे दार उघडे आहे; तिला मात्र बायकांची मीटिंग शोधून द्यावी.

रोज सकाळपासून पिणाऱ्याने एकदम दारू तोडू नये. फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. चहात गुपचूप पूड घालण्याचे प्रकारही बंद करा. न सांगता दिलेले औषध दारूबरोबर घात करते. केंद्रात राहायची गरज असेल तर पुण्याचे मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. माहितीसाठी सरकारचा १४४४६ हा फोन आहे.

आता आपल्याविषयी. भाव नाही म्हणून शेतकरी पितो, असे आपण भाषणात म्हणतो. त्यात तथ्य आहे. पण भाव मिळाला त्या वर्षीही याच घरात बाटली आली, हे त्या घरची बाई सांगेल. भावाची लढाई चालूच राहील. ती जिंकेपर्यंत पिणाऱ्याला सबब पुरवू नका. बाटली आडवी करणे हेही काम आहेच. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी सरकारच्या हातात असते. बंदी असो वा नसो, ज्याला सुटायचे आहे त्याला बसायला जागा लागतेच.

ती जागा आपण देऊ शकतो. तालुक्याच्या कचेरीची खोली आठवड्यातून दोन तास मोकळी ठेवावी. पण तिथे फलक नको, उद्घाटन नको, पुढाऱ्याचे भाषण नको. एए कोणत्याही पक्षाशी, संघटनेशी जोडून घेत नाही, बाहेरची देणगीही घेत नाही. म्हणून थोडे का होईना, भाडे घ्यावे; फुकट देऊन त्यांना मिंधे करू नये. आपल्या माणसानेही आत जाताना बिल्ला खिशात ठेवावा. तिथे तो कार्यकर्ता म्हणून बसत नाही.

त्या जुन्या कार्यकर्त्यांसाठी शेजारच्या तालुक्यात बाजाराच्या दिवशीची मराठी मीटिंग सापडली आहे. दोन शेतकरी तिथे नियमाने येतात. या आठवड्यात मी त्यांना मोटारसायकलवर नेणार आहे. ते येतील की नाही, सांगता येत नाही.

प्रत्येक तालुकाध्यक्षाने पुढच्या जिल्हा बैठकीला आपल्या भागातल्या मीटिंगांची यादी आणावी. यादीत गाव, वार, वेळ, भाषा आणि खुली की बंद एवढे असावे. माणसांची नावे नसावीत.