छपराची वही

संस्कृतांत 'छद्' धातूचा अर्थ झांकणें. छत्र, छदिस् म्हणजे घराचें आच्छादन, आणि वैयाकरणांच्या मतें 'छात्र' हा शब्दही याच कुळांतला. पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकावृत्तींत छात्राचें लक्षण असें केलें आहे, कीं जो गुरूच्या कार्यीं दक्ष राहून त्याचीं छिद्रें झांकतो तो छात्र. छिद्र म्हणजे भोंक आणि छिद्र म्हणजे दोषही. वर्गांत हें सांगितलें कीं मुलांत हंशा पिके. परंतु घरगुती विषयांवरील या सदरासाठीं लेखणी हातीं घेतली असतां वाटतें, कीं हें लक्षण घरच्या कर्त्या माणसासही नेमकें लागू पडतें. घराचें छिद्र जो वेळेवर पाहतो व झांकतो, त्यासच कर्ता म्हणावें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं कोंकणांत वडिलोपार्जित कौलारू घरें आहेत. माणसें पुण्यामुंबईस किंवा त्याहूनही दूर असतात. गांवीं एखादें वृद्ध जोडपें राहतें, नाहींतर कुलूप असतें. अशा घरांचा शेवट बहुधा एकाच रीतीनें होतो. आधीं छप्पर जातें, आणि छप्पर गेल्यावर मातीच्या भिंतींस दोन-चार पावसाळे पुरेसे होतात. छप्पर कशानें गेलें म्हणून मागोवा घ्यावा, तर आरंभ एखाद्या फुटक्या कौलाशीं जाऊन थांबतो.

पूर्वीं आपल्याकडे नळीचीं कौलें असत. तीं नुसतीं एकमेकांवर बसविलेलीं असल्यामुळें वारा, मांजरें आणि वानरें यांच्यामुळें सरकत. म्हणून दरवर्षीं शाकारणी चुकत नसे. एकमेकांत खांचेनें अडकणारें सपाट कौल आल्साशियांतील झिलार्दोनी बंधूंनीं १८४१ सालीं पेटंट केलें. आणि १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, तेव्हांपासून त्या जातीचीं कौलें 'मंगलोरी' या नांवानें पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. हीं कौलें सहसा सरकत नाहींत. दरवर्षीं छपरावर चढण्याचें कारण उरलें नाहीं, हें खरेंच मोठें सुख झालें. पण त्या सुखाबरोबर एक हानिही झाली. जुन्या शाकारणींत कौलें उतरविलीं जात, त्याबरोबर वांसे आणि रिपा आपोआप पाहिल्या जात. ती तपासणी बंद पडली, आणि तिच्या जागीं दुसरी कोणतीही आली नाहीं.

छपराचें आयुष्य हें वस्तुतः लांकडाचें आयुष्य होय. भाजलेलें कौल पिढ्यान्‌पिढ्या टिकूं शकतें. लांकूड मात्र कोरडें असेल तोंवरच टिकतें. एका तड्यांतून वाटीभर पाणी आलें तर तें खालीं न पडतां रिपेवरून वांशावर आणि वांशावरून भिंतींतल्या टोंकापर्यंत ओघळतें. तेथें ऊन नाहीं, वारा नाहीं. ओल मुरते, बुरशी धरते, मागून वाळवी येते. वांसा मऊ पडला कीं वांकतो. मंगलोरी कौल सुमारें अडीच किलोंचें, आणि एका चौरस मीटरला तीं सुमारें १५ लागतात; म्हणजे तेवढ्या जागेवर ३५ किलोंहून अधिक भार सदैव असतो. वांसा वांकला कीं शेजारच्या कौलांच्या खांचा उघडतात, आणि वाटीभर पाण्याच्या जागीं घागरभर पाणी येऊं लागतें. याप्रमाणें एका कौलाचें दुखणें सबंध पाख्याचें होतें.

आतां उपाय. पहिलें हें, कीं थेंब जेथें पडतो तेथेंच भोंक आहे असें समजूं नये. पाणी उतारावरून येतें, म्हणून दोष थेंबाच्या वरच्या अंगास शोधावा. त्यासाठीं भर पावसांत विजेरी घेऊन माळ्यावर जावें आणि जो वांसा ओला दिसेल त्यावर खडूनें खूण करून आंकडा घालावा. पाऊस चालू असतां छपरावर मुळींच चढूं नये. शेवाळलेल्या कौलावरून तरबेज कारागिराचाही पाय घसरतो. उघाडी पडल्यावर खुणेवरून कौल शोधून बदलावें. संशय आल्यास बोटाच्या पेरानें वाजवून पाहावें: धड कौल खणखणतें, तडकलेलें बद्द वाजतें.

दुसरें, वर्षांतून दोन वेळां छप्पर पाहण्याचा नेम करावा. दिवाळीनंतर लांकडाची पाहणी: वांशाचीं टोंकें सळईनें टोंचावीं, वाळवीचे मातीचे मार्ग दिसल्यास मोडून औषध घालावें, भुंग्यानें पाडलेलें पीठ कोठें सांडलें आहे तें पाहावें. अक्षय्य तृतीयेपासून रोहिणी लागेपर्यंत कौलांची पाहणी: दोन पाख्यांच्या सांध्यांतील पन्हळींत सांचलेला पाला काढावा, छपरावर आलेल्या फांद्या तोडाव्या, आणि आढ्यावरच्या कोन्यांचा सांधा तपासावा. कोने बसवितांना निव्वळ सिमेंटचा जाड थर देऊं नये. तो कडक असल्यामुळें उन्हापावसानें तडकतो, आणि पुढें एक कौल बदलूं गेल्यास शेजारचीं दोन फुटतात. चुन्याचा माल त्या मानानें मवाळ असतो. कौलांच्या आंतून प्लास्टिक ठोकून गळती 'बंद' करण्याचा प्रकारही हल्लीं दिसतो. त्यानें थेंब दिसेनासा होतो इतकेंच. ओल रिपेंत कोंडून राहते.

समुद्राकांठच्या घरांनीं आणखी एक काळजी घ्यावी. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत असंख्य घरांचीं छप्परें उडालीं. वारा वळचणीखालीं शिरून कौल उचलतो. म्हणून कडेच्या ओळी व कोने न गंजणाऱ्या तारेनें रिपांस बांधून घ्यावे. शिवाय आपल्या छपरावरच्याच सांच्याचीं पन्नास-शंभर कौलें परसांत रचून ठेवावीं. निरनिराळ्या कारखान्यांच्या खांचा जुळत नाहींत, आणि न जुळणारें नवें कौल हें फुटक्या कौलाइतकेंच गळतें.

इतकें सारें पुष्कळांस ठाऊक असतें. तरीही छप्परें पडतात, याचें कारण लांकडांत नसून माणसांत आहे. घर पांच जणांच्या नांवावर असलें, कीं प्रत्येकास वाटतें कीं उरलेल्या चौघांपैकीं कोणी तरी पाहत असेल. 'मी तेथें राहत नाहीं, मग पैसे कां द्यावे?' असें एक म्हणतो. 'मी येथें राहतों म्हणून खर्चही मींच सोसावा कीं काय?' असें दुसरा. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे. परंतु त्यांचा निकाल लागेपर्यंत पाऊस थांबत नाहीं. वाटणीच्या वादांत घराचे भाग ठरेतों वांटण्याजोगें घरच शिल्लक राहत नाहीं, असें गांवोगांवीं दिसतें.

यावर मला एक साधा तोडगा सुचतो. एक वही घालावी. गांवीं राहणाऱ्यानें डोळ्यांनीं पाहावें आणि बाहेर राहणाऱ्यांनीं पैशानें द्यावें, ही वांटणी न्यायाची आहे. कारण वर्षभर लक्ष ठेवणें हीही वर्गणीच होय. रक्कम चैत्रांत ठरवावी, लहान असावी, पण चुकूं नये. वर्षाचा जबाबदार माणूस पाळीनें नेमावा. सुना आणि लेकीही त्यांत असाव्या, कारण गळणाऱ्या छपराखालीं भांडीं मांडण्याचें काम आजवर त्यांनींच केलें आहे. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, पाखें, ओळ, बदललेल्या कौलांची संख्या आणि मजुरी वहींत लिहावी, आणि त्या पानाचें छायाचित्र मोबाईलवरून सर्वांस पाठवावें. तीन वर्षांच्या नोंदी एकत्र वाचल्या कीं कोणता वांसा वारंवार दगा देतो हें आपोआप कळतें, आणि सबंध पाखें उतरविण्याऐवजीं एक वांसा बदलून काम भागतें.

येत्या अक्षय्य तृतीयेपूर्वीं त्या वहीचें पहिलें पान लिहून व्हावें. त्यावर चारही पाख्यांची आकृति काढून ओळींस आंकडे घालावे, शिलकी कौलांची संख्या नोंदवावी, आणि खालीं यंदा ज्याची पाळी त्याचें नांव त्याच्याच हातानें लिहवून घ्यावें.