माळ्यावरची खोली

या वेळी गणपतीला गावच्या घरी आम्ही एकवीस जण होतो. ओटी, माजघर, पडवी, सगळीकडे गाद्याच गाद्या. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस निदान तिघांच्या पायांवर पाय देऊनच परत यायचा. तिसऱ्या रात्री दादाने वर बोट दाखवलं आणि जाहीर केलं, "पुढच्या वर्षी माळ्यावर खोली!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. एके काळी माळ्यावर आंब्याची आढी असायची, आता एक मोडका पाळणा आणि आजोबांची ट्रंक. जागा वाया जातेय हे खरंच आहे.

मग कंत्राटदाराने मोबाईलवर चित्र दाखवलं. कौलांखाली पीव्हीसीचं सीलिंग, कडेने प्लाय, एसी. दिसायला झकास. आणि इथेच माझं नि दादाचं बिनसलं.

मंगळुरी कौलं (१८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासूनची ही जात) एकमेकांच्या खाचेत नुसती बसवलेली असतात, सांधलेली नसतात. सापटींतून गरम हवा निघून जाते. मे महिन्यात ऊन माळा झेलतो, म्हणून खाली माजघरात दुपारी डोळा लागतो. त्या माळ्यालाच डबाबंद केलं की एसी आलाच. आणि आमच्याकडची वीज... असो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वानर. त्यांच्या उड्यांनी दर वर्षी कौलं फुटतात. भर पावसात काकू माळ्यावर चढते, उजेड कुठून येतोय ते बघते आणि आतूनच कौल सरकवते, नाहीतर पत्र्याचा तुकडा खुपसते. सीलिंग मारल्यावर ते भोक दिसणार कुणाला? पाणी वरच्यावर वाशांत मुरणार, मग वाळवी. आपल्याला कळेल तेव्हा वासा वाकलेला असेल.

बरं, ताठ उभं राहता येतं ते फक्त आढ्याखाली. कडेला रांगायचंच. जिनाही शिडीसारखा, म्हणजे म्हातारी माणसं वर जाणार नाहीतच. झोपणार पोरंटोरं, त्यांना कशाला हवंय सीलिंग?

माझं म्हणणं एवढंच, की खाल्लेल्या फळ्या बदला, कठडा घाला, जिना पसरट करा, दोन काचेची कौलं आणि दोन पंखे लावा. बास. उरलेल्या पैशांत घराच्या आत संडास-बाथरूम बांधा. आपण तिथे पाच दिवस असतो. उरलेले तीनशे साठ दिवस सत्तरी उलटलेली काकू रात्रीबेरात्री बॅटरी घेऊन अंगण ओलांडते.

तिला कुणी विचारलंच नव्हतं. निघताना मी विचारलं, तर म्हणाली, "करा रे काय ते. फक्त गळतंय कुठे ते मला दिसू दे."

दादा, कंत्राटदाराला अजून ॲडव्हान्स दिला नसशील तर आधी फोन कर.