फेसाची साक्ष

कासाडी नदी तळोजा औद्योगिक वसाहतीतून येते आणि कळंबोली-कामोठ्याच्या अंगाने खाडीकडे जाते. तिच्यावर फेस दिसला की फोटो फिरतात, तक्रारी होतात. फेस विरला की विषयही विरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातली कुत्री निळी झाली, तेव्हा देशभर बातमी झाली आणि ज्या कारखान्यातून रंग बाहेर पडत होता त्याला टाळे लागले. रंग बिनरंगी असता तर? डोळ्यांना दिसेल तेवढेच प्रदूषण मानण्याची आपली सवय डिटर्जंटच्या बाबतीत फारच फसवी आहे. कासाडीच्या पाण्यात डिटर्जंट किती, हे दर महिन्याला मोजून आकडा जाहीर झाला पाहिजे. फेसाच्या साक्षीवर हा खटला चालवता येणार नाही.

फेस होतो कसा, हे पाहिले की त्याचे कारण कळते. डिटर्जंटमधला कामाचा घटक म्हणजे सरफॅक्टंट. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमणारे आणि दुसरे म्हणजे दहा-बारा कार्बन अणूंची तेलकट शेपटी. या शेपटीभोवती पाण्याच्या रेणूंची नेहमीची मोकळीक जाते, म्हणून पाणीच तिला बाहेर लोटते. सर्वांत जवळची वाट पृष्ठभागाची. तिथे शेपट्या हवेत आणि डोकी पाण्यात अशी दाटी होते, आणि पाण्याचा पृष्ठताण जवळपास निम्म्यावर येतो. पृष्ठभाग भरल्यावरही आपण पावडर टाकतच राहिलो, तर एका ठरावीक प्रमाणापाशी पाण्याच्या पोटात गोळे जमू लागतात: शेपट्या आत, डोकी बाहेर. हे मायसेल. त्यांना जमवणारे बाहेरचे कोणी नसते. सोडियम डोडेसिल सल्फेट या नेहमीच्या सरफॅक्टंटच्या बाबतीत हा उंबरठा लिटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास आहे. एका गोळ्यात साठेक रेणू असतात आणि गोळ्याची जाडी चार नॅनोमीटर. कपड्यावरचा तेलकट मळ हेच गोळे पोटात घेतात. उंबरठा ओलांडल्यावर मात्र पृष्ठताण आणखी उतरत नाही. बोअरच्या दुष्फेन पाण्यात थोडी पावडर जास्त लागते हे खरे, पण बादलीवर फेसाचा डोंगर दिसावा म्हणून टाकलेली मूठभर पावडर बहुतांशी खंगाळण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते.

नदीत हिशेब वेगळा. पिण्याच्या पाण्यात अशा डिटर्जंटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १ मिलिग्रॅम. म्हणजे उंबरठ्याच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. घाण नदीत प्रमाण या मर्यादेच्या वर गेले, तरी उंबरठा फार दूर राहतो. खाडीच्या खारेपणाने उंबरठा बराच खाली येतो, पण एवढा नाही. थोडक्यात, नदीत मायसेल नसतात, सुटे रेणू असतात आणि ते पृष्ठभाग शोधत असतात. पाणी बंधाऱ्यावरून किंवा नाल्याच्या तोंडातून आदळले की लाखो बुडबुडे होतात, तेवढाच नवा पृष्ठभाग मिळतो आणि रेणू तिकडे धावतात. आळंदीला इंद्रायणी फेसाळते तेव्हा त्या फेसात सांडपाण्याइतकाच पाण्याच्या आदळण्याचाही हात असतो. तेच पाणी संथ वाहत असेल तर ते निर्मळ वाटते. उलट, कुजणाऱ्या पालापाचोळ्यानेही फेस येतो. दिल्लीत छठपूजेच्या आधी यमुनेवर फेस मोडणारे रसायन फवारतात. फेस मोडतो, पाण्यात विरघळलेले तिथेच राहते.

आजची डिटर्जंटे निसर्गात विघटित होतात, मग एवढी चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणे अर्धे खरे आहे. १९५० च्या दशकात शेपटीला फांद्या असलेली डिटर्जंटे आली. जिवाणूंना त्या फांद्या पचेनात आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्या फेसाने भरल्या. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या उद्योगाने सरळ शेपटीचे रेणू स्वीकारले. त्यांचा कच्चा माल, लिनियर अल्किल बेंझीन, आपल्या शेजारी पाताळगंगेच्या रिलायन्स प्रकल्पात बनत आला आहे. पण ही सरळ शेपटी खायलाही जिवाणूंना प्राणवायू लागतो. प्राणवायू संपलेल्या काळ्या गाळात तिचे विघटन जवळजवळ थांबते, आणि रेणू गाळाला चिकटून बसतात. विघटनशीलतेचा दाखला प्रयोगशाळेतल्या हवेशीर पाण्याचा असतो, खाडीच्या चिखलाचा नव्हे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जल गुणवत्ता निर्देशांक सामू, विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी आणि विष्ठेतील कोलिफॉर्म या चार गोष्टींवर उभा आहे. त्यात सरफॅक्टंट नाही. जैविक मागणीत तो येतोच, असा आक्षेप घेता येईल. मात्र ती मागणी जिवाणूंनी तीन दिवसांत काय खाल्ले याची गोळाबेरीज आहे. त्यातले विष्ठेचे किती आणि साबणाचे किती हे ती सांगत नाही. माशांच्या कल्ल्यांना सरफॅक्टंटची झळ मात्र लिटरला काही मिलिग्रॅमपासूनच लागू शकते. चाचणीही अवघड नाही. मिथिलीन ब्लू हा निळा रंग ऋणभारित सरफॅक्टंटशी जोडी करून क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतो, आणि त्या थराचा निळेपणा मोजायचा. सगळे प्रकार तिच्यात सापडत नाहीत, पण सुरुवातीला पुरेशी आहे. गॅलक्सी सरफॅक्टंट्ससारखी कंपनी ज्या तळोज्यात आहे, तिथे हे जाणणारी माणसे मिळणार नाहीत असे कोणी म्हणू नये. हा आकडा कारखान्यांकडेच नव्हे, वसाहतींच्या सांडपाण्याकडेही बोट दाखवेल, आणि ते सगळ्यांना रुचेलच असे नाही. म्हणून नमुने औद्योगिक वसाहतीच्या आधी, नंतर, आणि कळंबोलीचे सांडपाणी मिळाल्यावर असे तीन ठिकाणी, ओहोटीच्या वेळी घ्यावेत, आणि दर ठिकाणी पृष्ठभागाचा एक व हातभर खालचा एक अशा दोन बाटल्या भराव्यात.