सर्दी साधी, पण कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. नात्यातील एका साखरपुड्यासाठी भाईंदरहून मीरा रोडला जायचे होते. आदल्या रात्रीपासून घसा खवखवत होता आणि सकाळी नाक वाहू लागले. सौभाग्यवती म्हणाली, “आज राहू द्या.” मी म्हणालो, “साधी सर्दी आहे. न गेल्यास लोक काय म्हणतील?” बाहेर संततधार असल्याने सभागृहाच्या खिडक्या बंद होत्या. ८२ वर्षांच्या आत्यांच्या शेजारी मी दोन तास बसलो. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून कानाशी वाकून बोललो.

तीन दिवसांनी आत्यांना ताप भरला आणि मग धाप लागली. तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला. नऊ दिवस त्या रुग्णालयात होत्या, त्यांपैकी चार दिवस प्राणवायूवर. मी मात्र पाचव्या दिवशी पिशवी घेऊन भाजीबाजारात हिंडत होतो.

तो विषाणू माझ्याच श्वासातून गेला, हे मी सिद्ध करू शकत नाही. माझी तपासणी झालीच नव्हती. सारे आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला व्हाउचरशिवाय नोंद मान्य करणे जड जाते. पण मनाने ती रक्कम केव्हाच माझ्या नावे टाकली आहे.

‘सर्दी’ या एका शब्दात आपण किती निरनिराळे विषाणू कोंबतो! एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. त्याखेरीज इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, ॲडेनोव्हायरस आणि कोरोनाचे कुटुंब आहेच. आरंभी यांची लक्षणे इतकी सारखी असतात की, केवळ शिंकेवरून विषाणू ओळखता येत नाही. शिवाय एकच विषाणू तरुणाला दोन दिवसांची कणकण देतो, तर तान्ह्या बाळाला किंवा वृद्धाला न्यूमोनियापर्यंत नेतो. इन्फ्लुएन्झाचा रुग्ण तर लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच इतरांना संसर्ग देऊ शकतो. बोलताना, खोकताना उडणारे मोठे थेंब खाली पडतात, पण सूक्ष्म कण बंद खोलीतील हवेत बराच वेळ तरंगत राहतात.

याचा अतिशय दारुण अनुभव आपल्या मुंबईने १९१८ साली घेतला आहे. पहिले महायुद्ध संपत आले होते आणि बंदरात जहाजांची ये-जा चालू होती. जूनमध्ये पोलीस शिपाई तापाने आजारी पडू लागले व त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ती पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरपासून आलेली दुसरी लाट मात्र संहारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या मार्गांनी साथ देशभर पसरली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मुंबईतील युरोपीय लोकांत मृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे ८ होते, तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांत ते ६१ च्या वर गेले. विषाणू एकच होता. पण एकाकडे हवेशीर बंगला, पोटभर अन्न आणि शुश्रूषा होती, तर दुसऱ्याकडे दाटीची खोली आणि उपासमार.

त्या वेळी मारेकरी कोण, हेच कोणाला ठाऊक नव्हते. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये प्रथम वेगळा करण्यात आला. आज परिस्थिती निराळी आहे. पुण्यात १९५२ साली सुरू झालेले विषाणू संशोधन केंद्र आता राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाते. २०२० साली कोरोनाचा विषाणू वेगळा करण्याचे काम तेथेच झाले. म्हणजे ज्ञानाची उणीव आता राहिलेली नाही. उणीव आहे ती आचरणाची.

२०२० साली याच शहरात आपण दाराशी भाजी धूत होतो आणि रुळांवरून धावणारी लोकल थांबलेली पाहत होतो. आज त्याच लोकलच्या डब्यात कोणी मोकळेपणाने खोकला, तरी आपण तोंड फिरवण्यापलीकडे काही करत नाही. मुखपट्टी लावणारा मनुष्य तर उलट संशयास पात्र ठरतो.

वाचकहो, करावयाचे ते फार नाही. ताप, खोकला असेल त्या दिवशी समारंभ टाळावा. जाणे अटळ असेल तर मुखपट्टी लावावी आणि वृद्धांपासून, बाळांपासून दूर बसावे. घराच्या, सभागृहाच्या खिडक्या थोड्या तरी उघड्या ठेवाव्यात. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात विशेष असतो. म्हणून ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांना विचारून त्यापूर्वीच लस घ्यावी. हा विषाणू रूप बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा वृद्ध व्यक्ती बोलण्यात गोंधळू लागली, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि यजमानांनीही एक करावे. आजारपणामुळे न येणाऱ्याला ‘मोठा झालास’ असे टोमणे मारू नयेत. त्या टोमण्याच्या भयानेच तर मी त्या दिवशी घरातून निघालो होतो.

आत्या बऱ्या झाल्या, परंतु पूर्वीची शक्ती परतली नाही. दोन मजले उतरून देवदर्शनाला जाणे थांबले. मला मात्र त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जाण्याचे ठरले होते आणि नेमकी सर्दी झाली. मी दूरध्वनी करून येत नसल्याचे कळवले. त्या म्हणाल्या, “बरं केलंस. बरा झालास की ये. मी कुठे जाते आता, घरीच असते.”