करदाता कोण?

फेब्रुवारी महिना उजाडला कीं आमच्या शाळेंत एक ठराविक रडगाणें सुरू होतें. पगारांतून प्राप्तिकर कापला जातो, व्यवसाय कराचे 200 ऐवजीं 300 रुपये जातात, आणि मधल्या सुटींत गुरुजन मंडळी एकमुखानें म्हणतात, "कर आपण भरायचा आणि मजा ह्या फुकट्यांनीं मारायची!" फुकटे कोण? तर ज्यांचीं पोरें आमच्यापुढें बसतात ते शेतकरी, ऊसतोडे, आणि 2024 पासून दरमहा 1500 रुपये घेणारी लाडकी बहीण. आम्हीही पगारदारच आहों, आमचाही कर कापला जातो. तेव्हां ह्या म्हणण्याचा समाचार घेण्याचा आम्हांस अधिकार आहे.

वाचकहो, 1 जुलै 2017 पासून वस्तु व सेवा कर देशभर लागू आहे. अंगाच्या साबणावर 22 सप्टेंबर 2025 पूर्वीं शेंकडा 18 कर होता, आतां 5 आहे. वही व शिसपेन्सिल ह्यांवरील शेंकडा 12 कर त्याच दिवशीं माफ झाला. म्हणजे आठ वर्षें पहिलीच्या पोरानेंही सरकारचा खजिना भरला! मजुराच्या मोबाइलच्या रिचार्जवर आजही 18 आहे. शेतकऱ्याची गोष्ट तर याहून विचित्र. खतावर 5, रासायनिक कीटकनाशकावर 18 कर तो भरतो. व्यापाऱ्यास खरेदीवर भरलेला कर पुढील करांतून वजा करून मिळतो. शेतकऱ्याच्या सुट्या धान्यावर करच नाहीं, म्हणून त्यानें भरलेलें कांहींच वजा होत नाहीं. तें त्याच्या बोडक्यावरच राहतें. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं हें खरें, आणि त्या आडोशानें कांहीं धनवान आपली दुसरी कमाई शेतीची म्हणून दाखवितात हेंही खरें. त्यांचा कैवार आम्ही घेत नाहीं. पण दीड एकरवाल्यास त्यांच्या पंक्तीस बसविणें हा कोठला न्याय?

मग हा भरणारा स्वतःस करदाता कां म्हणवीत नाहीं? कारण आमच्याकडे पुडीवर किंमत छापतात ती 'सर्व करांसहित'. अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं फळीवर मूळ किंमत असते आणि पैसे देतांना कर वेगळा चढतो. तेथें गोळी घेणाऱ्या पोरासही सरकारनें किती घेतलें तें दिसतें. डेन्मार्कांत तर बहुतेक मालावर शेंकडा 25 कर आहे; पण दवाखाना आणि विद्यापीठ फुकट मिळतें तें आपल्याच पैशाचें, हें तेथील माणूस जाणतो. आमच्याकडे कर झाकलेला आणि तोंडांत शब्द 'मायबाप सरकार'. घेतलेलें दिसत नाहीं, दिलेलें तेवढें दिसतें! म्हणून 1500 रुपये हातीं पडले कीं आमची माउली हात जोडते आणि मत देतांना उपकार फेडते. उलट ज्याचा कर पगारपत्रकावर छापून येतो, तो देशाचा मालक असल्याच्या तोऱ्यांत बोलतो. दोघांचीही समजूत एकाच झांकणाखालीं शिजलेली आहे.

जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें हेंच मांडलें होतें, कीं सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामांतून येतो आणि विद्येचा लाभ वरच्या वर्गांच्या पदरीं पडतो. शेतसाऱ्याचें ओझें आतां तसें राहिलें नाहीं. पण रयतेस फुकटी म्हणण्याची खोड मात्र जिवंत आहे.

आणि ज्या व्यवसाय कराबद्दल आमचे बंधू कण्हतात, त्याची कुळी तरी त्यांस ठाऊक आहे काय? 1972 च्या दुष्काळानंतर, 1975 सालीं, महाराष्ट्रानें हा कर बसविला तो रोजगार हमीसाठीं. खेड्यांतील भुकेल्या माणसास खडी फोडण्याचें, बांध घालण्याचें काम मिळावें म्हणून नोकरदारानें चार पैसे द्यावे, असा तो करार होता. आम्हीं शिक्षकखोलींत विचारून पाहिलें. एकासही माहीत नव्हतें! पैसा कोणत्या कामासाठीं जातो हें सांगणारा नसला म्हणजे भल्या माणसासही तो लुटल्यासारखा वाटतो.

आमची मागणी साधी आहे. गांवच्या दुकानदारानें, कच्च्या चिठ्ठीवर कां होईना, कराचा आंकडा वेगळा लिहावा. आणि जे गुरुजी भर वर्गांत पोरांस फुकट्यांची अवलाद म्हणून हिणवितात, त्यांनीं त्याच पोरांच्या घरचा महिन्याचा किराणा फळ्यावर मांडावा आणि त्यांतील कर त्यांच्यासमक्ष मोजून दाखवावा. खडू आम्ही देऊं.