तात्पर्य कोणाच्या हिताचे?



माकड व मगर यांची गोष्ट ठाऊक नाही असे मूल आपल्या वस्तीत क्वचितच आढळेल. परंतु ही गोष्ट मुळात काय शिकवते, आणि कोणाच्या बाजूने शिकवते, हा प्रश्न आपण स्वतःस कधी विचारला आहे काय?

पालि जातकसंग्रहात २०८ क्रमांकाचे सुंसुमार जातक आहे. बायकोला माकडाचे काळीज हवे म्हणून मगर गंगेपलीकडील आंब्यांचे आमिष दाखवून माकडास पाठीवर घेतो आणि मध्यधारेत त्यास बुडवू लागतो. माकड सांगते, “आमची काळजे त्या उंबरावर टांगलेली असतात.” मगर माघारी फिरतो आणि माकड सुटते. या कथेत बोधिसत्त्व म्हणजे ते माकडच होय. देहाने दुबळा असलेला बुद्धीच्या बळावर बलाढ्याच्या दाढेतून सुटतो, हे तिचे सार.

पंचतंत्रात हीच गोष्ट येते, तेव्हा उंबराच्या जागी जांभूळ येते, दोघांत मैत्री येते, आणि हाती आलेले गमावणाऱ्या मूर्खाचा धडा म्हणून ती राजपुत्रांपुढे मांडली जाते. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत व आठव्या शतकात अरबीत गेले. तेथे मगराचे कासव झाले. बौद्ध कथांच्या चिनी भाषांतरांनी पूर्वेचीही वाट मोकळी केली. कोरियात माकडाचा ससा झाला आणि काळजाचे यकृत झाले. ‘सामगुक सागी’ हा ११४५ सालचा इतिहासग्रंथ सांगतो की, ६४२ साली शत्रूच्या कैदेत पडलेल्या किम चुनचू या शिल्लाच्या राजदूताला तेथील एका मंत्र्याने ही गोष्ट ऐकवली. त्याने तिचा अर्थ ओळखला, सशाप्रमाणे वचन देऊन वेळ मारून नेली, आणि तो मुक्त झाला. त्याच देशातील पुढच्या गायकांनी मात्र तीच कथा गाताना राजासाठी समुद्राबाहेर पडणाऱ्या कासवाच्या स्वामिनिष्ठेचाही गौरव केला. एकाच कथेतून कोणाला सुटकेची वाट सापडली, तर कोणाला चाकरीचा धडा!

यावरून एवढे स्पष्ट होते की, गोष्ट देशोदेशी फिरते, पण तात्पर्य तिच्या अंगचे नसते. ते सांगणारा घालतो. आपल्याला याचा अनुभव नाही काय? एकलव्याचा अंगठा कापला गेला, आणि आपल्या कित्येक पिढ्यांना त्याचे तात्पर्य ‘गुरुभक्ती’ असे पढवण्यात आले. अंगठा मागणाऱ्याला जाब विचारण्याची मुभा त्या तात्पर्यात नव्हती.

मात्र जुन्या पोथ्यांना लावलेली कसोटी आपल्या कथांना लावायची नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात वेस्संतर जातक चितारलेले आहे. त्यातील दानशूर राजपुत्र आपली मुलेही दान देऊन टाकतो. आपल्या मुलीने विचारले, “त्या मुलांना कोणी विचारले होते का?” तर तिला गप्प करू नका. परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले किंवा गुरू म्हणाला एवढ्यावरून काही मानू नका, हे कालामांना सांगणारे तथागतच होते.

म्हणून रात्री मुलांना गोष्टी अवश्य सांगा. मात्र शेवटी तात्पर्य पढवू नका, त्यांना विचारा, “ही गोष्ट कोणाच्या हिताची?” ज्या घरात हा प्रश्न विचारला जाईल, त्या घरातील मुलाचा अंगठा कोणी मागू धजणार नाही.